बेस लपला कोपऱ्यात!

प्रयोगाचा दिवस. पडदा वर गेला आणि पहिल्याच प्रवेशात आमचं म्युझिक असं काही घुमलं, की नायिकेचं एक वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचेना. ऑपरेटरने आवाज खाली घेईपर्यंत प्रवेश संपला होता. आमची एकांकिका प्राथमिक फेरीतच बाहेर! सगळ्यांच्या नजरा माझ्या रूममेटवर, कारण म्युझिक त्याचं होतं. ‘रूमवर तर बेस कमीच वाटत होता रे,’ एवढंच तो बोलला.

तो खरंच सांगत होता. खोटं बोलत होती आमची रूम!

पुण्यातली आमची भाड्याची खोली दहा बाय दहा फुटांची. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर धावतो. म्हणजे ५६ हर्ट्झच्या खर्जाची एक लाट सुमारे ६ मीटर, आमच्या खोलीच्या दुप्पट लांब. अशी लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःतच मिसळते. मग तो सूर भिंतीलगत दणदणतो, कोपऱ्यात सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळपास गायब होतो. त्यात लांबी-रुंदी सारखी असली, की घोळ डबल. आमचे साहेब टेबल टाकून बरोबर मधोमध बसायचे! बेस ऐकू येईना म्हणून वाढवत गेले. नाट्यगृहात तो सगळा एकदम बाहेर आला.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, अंड्यांचे ट्रे लाव. कुणी म्हणालं, फोम चिकटव. पण ट्रे आणि पातळ फोम वरचे, बारीक सूर थोडेफार शोषतात. खर्जाला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी लागतो बेस ट्रॅप. म्हणजे काय, तर दाट तंतूंचा जाड थर. हवा त्यातून ये-जा करताना तंतूंशी घासते आणि आवाजाची थोडी ऊर्जा उष्णतेत बदलते. भिंतीला अगदी चिकटून हवा फारशी हलत नाही, म्हणून थर जाड हवा आणि मागे मोकळी जागाही हवी. कोपऱ्यात तिरका उभा केला, की ती आपोआप मिळते.

चौघांनी काँट्री काढली. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्या दुकानातून रॉकवूलच्या दोन-दोन इंची पाट्या आणल्या आणि दोन एकावर एक ठेवून चार इंची थर केला. सुतारकाकांकडून चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी करून घेतल्या. वर मांजरपाट ताणून स्टेपल मारल्या. कापड निवडायची सोपी युक्ती : तोंडाशी धरून फुंकर मारा, आरपार गेली तर चालेल. रॉकवूल मात्र उघड्या हातांनी कापू नका, अंगाला प्रचंड खाज सुटते. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट मस्ट! आणि कापड मागूनही लावा, म्हणजे तंतू खोलीभर उडणार नाहीत.

कोपऱ्यात चौकटी एकावर एक उभ्या केल्या. एकही खिळा नाही, त्यामुळे घरमालक काकाही खूश. ‘ही कसली कपाटं रे? दारं कुठायत?’ एवढंच विचारून गेले.

फरक पडला? हो, पण जादू झाली नाही. चार इंचांत ५६ हर्ट्झ पूर्ण काबूत येत नाही. मात्र ड्रमचा ठोका पडल्यावर मागे रेंगाळणारी गुणगुण बरीच कमी झाली. आणि एक लक्षात ठेवा, ट्रॅपमुळे आवाज बाहेर जायचा थांबत नाही. शेजारच्या काकूंची तक्रार अजून चालूच आहे!

सगळ्यात मोठा फरक पडला तो फुकटातल्या उपायाने. आम्ही टेबल मधून हलवून समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणलं. तेव्हा खर्च करण्याआधी एवढं करा : बेसचा एकच सूर लावा आणि खोलीभर हळूहळू चाला. तो कुठे गडगडतो, कुठे हरवतो, ते ऐका.

यंदा नवी एकांकिका बसतेय. म्युझिक पुन्हा त्याचंच आहे. या वेळी मात्र तो खुर्ची कुठे टाकायची ते आधी मोजतोय.