ब्रेकचें पेडल नरम कां लागतें?



महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर वसलेलें आहे. तेथून कोठेंही जावयाचें तर घाट उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं. वाईकडे पसरणीचा घाट, मेढ्याकडे केळघरचा आणि पोलादपुराकडे आंबेनळीचा. हिंवाळ्यांत स्ट्रॉबेरीच्या पेट्यांनीं भरलेल्या पिकअप गाड्या या वाटांनीं खालीं जात असतात. अशा गाडीचा चालक जेव्हां म्हणतो कीं, "आज ब्रेक जरा नरम लागतोय, पण दोनदां दाबला कीं धरतो," तेव्हां तें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये. नरमपणाचीं कारणें निरनिराळीं असतात, आणि थोड्या लक्षपूर्वक परीक्षेनें तीं ओळखतां येतात.

प्रथम या यंत्राचें तत्त्व पाहूं. पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढें सरकतो व नळ्यांतील द्रवावर दाब पडतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा सतराव्या शतकांतील पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सिद्धान्त येथें राबत असतो. डॉक्टरांची पिचकारी पाण्यानें कांठोकांठ भरून तिचें तोंड बोटानें दाबून धरा. दट्ट्या जागचा हलणार नाहीं. आंत हवेचा एक बुडबुडा राहूं द्या; दट्ट्या आंत जाईल व सोडतांच मागें उसळेल. द्रव दबत नाहीं, वायु दबतो. नरम पेडल म्हणजे हीच उसळी. तेव्हां प्रश्न एवढाच कीं, नळीमध्यें दबणारें किंवा निसटणारें असें काय आहे?

पहिला प्रकार असा कीं, पेडल भराभर दोनतीन वेळां दाबल्यावर वर येतें. तें स्पंजासारखें लागत असेल तर नळींत हवा आहे असें समजावें. तें खोलवर जाऊन शेवटीं घट्ट लागत असेल, तर बहुधा मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढलेलें असतें.

दुसरा प्रकार. इंजिन चालू ठेवून पेडल सारख्या दाबानें अर्धा मिनिट धरून ठेवावें. तें हळूहळू खालीं बसत गेलें तर द्रव कोठें तरी निसटत आहे. टाकींतील पातळी उतरली असेल, तर चाकांच्या आंतल्या बाजू व नळ्यांचे सांधे ओले आहेत काय, तें पाहावें. सर्व कोरडें असून पातळीही कायम असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजल्यामुळें द्रव आंतल्या आंत मागें फिरत असण्याचा संभव अधिक. तसेंच, दुसऱ्या माणसास पेडल दाबावयास सांगून रबरी होज पाइप पाहावेत. जुना पाइप दाबानें फुगत असेल, तरीही पेडल नरम लागतें.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. सकाळीं पेडल घट्ट असतें, घाटाच्या मध्यावर तें नरम होतें, आणि गाडी निवाली म्हणजे पुन्हां पूर्ववत् होतें. अडीच टन वजनाची गाडी १,३०० मीटर खालीं उतरते, तेव्हां जी शक्ति मोकळी होते तिनें सुमारे ९० लिटर थंड पाणी उकळीला येईल. चालकानें गाडी वरच्या गिअरांत सोडून दिली, तर या उष्णतेचा मोठा वांटा ब्रेकवर पडतो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतों, तो नेहमींचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. 'डॉट ३' प्रतीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पण त्यांत सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १४० अंशांवर येऊं शकते. 'डॉट ४' करितां हेच आंकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला कीं नळींत वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते.

उपाय कारणावरून ठरतो. हवा काढल्यानें पेडल घट्ट होईल. परंतु ती शिरली कोठून, हें न शोधल्यास ती पुन्हां शिरेल. द्रव साधारणतः दोन वर्षांनीं, अगर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें, बदलावा. तो झांकणावर लिहिलेल्या प्रतीचा व बंद बाटलींतला असावा. इंजिन ऑइल त्यांत कदापि घालूं नये. त्यानें रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

उतारावर पेडल नरम झालेंच, तर तें भराभर दाबावें, क्रमाक्रमानें खालचा गिअर घ्यावा, हातब्रेक सावकाश ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूस थांबवावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतूं नये. तो तडकण्याची भीति असते. गाडी निवाल्यावर पेडल घट्ट लागलें, तरी दोष गेलेला नसतो. ती भरलेली गाडी पुढें न नेतां कारागीर बोलवावा.

आपणांपैकीं पुष्कळजण तेथें भाड्याच्या गाडीनें जातात. परततांना माथ्यावरच चालकास पेडल अर्धा मिनिट दाबून धरावयास सांगण्यांत संकोच वाटूं देऊं नये. "दोनदां दाबला कीं धरतो," असें उत्तर आलें, तर त्या गाडींत मुलाबाळांना बसवूं नये.