जुलाब थांबले कशाने?

लहान मुलाला जुलाब लागले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओआरएस आणि झिंकच्या खाली बहुधा प्रोबायोटिकही असते. पाच मिलिलिटरची प्लॅस्टिकची कुपी, आत गढूळसर पाणी आणि त्यात बॅसिलस क्लॉसी या जिवाणूचे दोनशे कोटी बीजाणू. टोपी पिरगाळायची आणि पाजायचे. दोन-तीन दिवसांत मूल खेळू लागते आणि सगळे श्रेय कुपीच्या खात्यावर जमा होते. पण विषाणूमुळे होणारे साधे जुलाब काही दिवसांत आपले आपण थांबतातच. तेव्हा मूल बरे झाले का, हे विचारून भागत नाही. कुपीविना त्याला किती वेळ लागला असता, हे पाहावे लागते.

अमेरिकेत दहा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत नेमके हेच पाहिले गेले. चार वर्षांखालच्या ९७१ मुलांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी पाच दिवस दोन वेळा दिले, बाकीच्यांना तसेच दिसणारे पण जिवाणू नसलेले औषध. कोणाला काय मिळाले हे पालकांनाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नाही. २०१८ साली आकडे आले: जुलाब टिकले अनुक्रमे ४९.७ आणि ५०.९ तास. तासाभराच्या या फरकाला संख्याशास्त्रात काहीच वजन नाही. ती मुले खात्यापित्या देशातली, आपल्याकडचे जंतू वेगळे, हा आक्षेप रास्तच आहे. कोलकात्याच्या वस्तीत साडेतीन हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटाचे पेय रोज प्यायलेल्यांमध्ये जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलेही. मात्र तो जिवाणू वेगळा होता, आणि तिथे पाहिला होता प्रतिबंध, उपचार नव्हे. एका वाणाचे यश दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही. (घरच्या विरजणात कोणता वाण किती, हे तर कोणीच मोजलेले नसते; दही खावे ते चवीसाठी.) अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली अकाली जन्मलेली बाळे, अँटिबायोटिक घेणारे रुग्ण अशा मोजक्याच ठिकाणी ठरावीक वाणांना अटींसह मान्यता दिली, आयबीएस या आतड्यांच्या विकारासाठी मात्र चाचणीबाहेर वापरू नका म्हटले.

‘अपाय तर नाही ना?’ हा शेवटचा बचाव. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले, तेव्हा त्यांच्यात १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. ते रुग्ण अत्यवस्थ होते. धडधाकट मुलाला तो धोका लागू नाही. त्याच्या बाबतीत काळजी वेगळी आहे: कुपीच्या भरवशावर ओआरएस आणि झिंक मागे पडण्याची. कुपी ठरल्या वेळी पाजणे सोपे. ओआरएस मात्र दर जुलाबानंतर, मूल तोंड फिरवत असताना, चमच्याचमच्याने द्यावे लागते आणि झिंक जुलाब थांबल्यावरही चौदा दिवस पुरे करावे लागते.