दुरुस्तीच्या नावाखाली २२ वर्षं

मागच्या व्याख्यानात आपण १८६२ सालची 'मॉनिटर'ची लढत पाहिली. आज त्या जातीच्या चिलखती नौकांचं पुढे काय झालं ते पाहू. गोष्ट जरा लाजिरवाणी आहे.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि घाईत बांधलेल्या मोठ्या मॉनिटर नौका कुजू लागल्या. त्यातल्या चौघींचे सांगाडे लाकडी होते, तेही नीट न वाळवलेल्या लाकडाचे. १८७३ मध्ये स्पेनशी युद्ध पेटेल असं वाटलं, तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे लढायला धड जहाज नाही. काँग्रेस नव्या जहाजांना पैसा देईना. मग नौदलमंत्री जॉर्ज रोबेसन यांनी युक्ती काढली: दुरुस्तीच्या खात्यातला पैसा वापरायचा, नावं जुनीच ठेवायची, जहाजं मात्र लोखंडाची, पूर्ण नवी! जुनी जहाजं तर मोबदल्याचा भाग म्हणून कारखानदारांनाच देऊन टाकली. म्हणजे दुरुस्त करायचं काही उरलंच नाही.

कागदावर हे खपलं, पण सरकार बदललं आणि १८७७ मध्ये काम थांबलं. पुढे पैसा थेंबाथेंबाने येत राहिला. 'मोनॅडनॉक' ही कॅलिफोर्नियातली नौका १८८३ मध्ये पाण्यात उतरली. इथे एक समजून घेऊ: जलावतरण म्हणजे जहाज तयार झालं असं नाही. तेव्हा तरंगतो तो नुसता सांगाडा. चिलखत, बुरूज, तोफा नंतर. आणि जाड चिलखती पत्रे देशात बनतच नव्हते. बेथलेहेमच्या कारखान्याशी त्याचा करार झाला १८८७ मध्ये. तोवर तोफा बदलल्या, पोलाद सुधारलं, म्हणजे नकाशे पुन्हा काढा.

सगळा दोष कारखानदारांच्या माथी मारायची पद्धत आहे. आम्हांला ते पटत नाही. ज्या कामाचं खरं नावच सांगता येत नाही, त्यासाठी उघडपणे पैसा मागणार तरी कोण?

'मोनॅडनॉक' नौदलात दाखल झाली फेब्रुवारी १८९६ मध्ये. दोन वर्षांनी स्पेनशी युद्ध खरंच झालं. पाण्याच्या जेमतेम वर असलेलं डेक घेऊन ही बुटकी नौका सान फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडायला निघाली, आणि १६ ऑगस्ट १८९८ रोजी मनिलाला पोहोचली. मनिला तीन दिवस आधीच पडलं होतं.