जुन्या शौचकूपांतील मातीचे थर

पुष्कळ जुन्या वाड्यांच्या परसांत बुजविलेला शौचकूपाचा खड्डा असतो. घराच्या पायासाठीं किंवा सोनखताच्या आशेनें तो उकरण्याचा प्रसंग येतो, तेव्हां "आतां सगळी मातीच झाली असेल" एवढ्या समजुतीवर मजूर आंत उतरविला जातो. ही चाल घातक होय. आधीं गिरमिटानें वरूनच थरांचे नमुने काढून पाहावे.

अस्सल मुरुम घट्ट व अखंड असतो. भरावाची माती सैल लागते व तींत खापऱ्या, कोळसा, विटांचे तुकडे दिसतात. त्याखालीं राखेचा करडा पट्टा किंवा चुन्याचा पांढरा थर लागल्यास नवल वाटूं नये. दुर्गंधी मोडण्यासाठीं घरच्याच मंडळींनीं ते पदार्थ टाकलेले असतात. हा चुना मात्र चुनखडीच्या काळ्या जमिनींत नेऊं नये. तेथें तो मुळांतच पुष्कळ असतो, आणि अधिक झाल्यास पिकास लोह न मिळून पानें पिवळीं पडतात.

काळसर, भुसभुशीत, पावसाळी रानमातीच्या वासाचा थर बहुधा पक्कें खत असतो. परंतु त्याखालीं कधीं कधीं राखाडी, निळसर, चिकट माती लागते. पाणी तुंबून हवा न पोहोंचल्यामुळें तींतील लोहाचा तांबूसपणा गेलेला असतो. तींत क्वचित् पांढुरक्या गुठळ्या सांपडतात व उघड्या हवेंत त्या निळ्या होतात. कोणी मोरचुदाची शंका घेतात, ती व्यर्थ आहे. तें लोह व स्फुरद यांचें संयुग असून त्यास व्हिव्हिअनाइट म्हणतात; त्यांतील स्फुरद मैला व हाडें यांतून आलेला असतो.

गुठळी निरुपद्रवी खरी, पण असा थर म्हणजे कुजणें अपुरें राहिल्याची खूण. तेथें कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु कोंडलेला असूं शकतो. त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे वास येईनासाच होतो व माणूस जागींच कोसळतो. त्यास काढावयास उतरलेला दुसराही तेथेंच पडतो. शिवाय पुरता न कुजलेला मैला माणसाकडून हातानें काढविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, मग मजुरी कितीही द्या. असा खड्डा यंत्रानेंच उपसवावा.

पक्क्या थराची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती ओलवून बाटलीत चार दिवस बंद ठेवावी. उघडतांना घाण आली तर ती कच्ची समजावी. वास न आला तरी जंतांचीं अंडीं वर्षानुवर्षें टिकतात, म्हणून हें खत फळझाडांच्या आळ्यांत पुरून घालावें. मुळा, गाजर, कोथिंबीर यांस देऊं नये.