आंबोलीची सहल आणि फडातले पाचट



दर खेपेस या पानावर आम्ही बेणे, खते आणि लागणीच्या तारखा सांगत असतो. या खेपेस जरा वेगळे लिहितो. गेल्या सप्टेंबरात, गाळपाची धांदल सुरू होण्याआधी, आमच्या गटातील एका प्राथमिक शाळेची पहिली ते चौथीची मुले आंबोलीला सहलीस निघाली. गुरुजी म्हणाले, "साहेब, वाटेत झाडाझुडपांचं विचारतात पोरं, तुम्ही चला." आम्ही गेलो. चाळीसेक मुले, दोन बाई, गुरुजी आणि आम्ही.

चंदगडच्या माणसाला पावसाचे कौतुक नाही. पण आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो म्हटल्यावर चौथीतली पोरेही गप्प झाली. हिरण्यकेशीचा उगम तिथलाच. महादेवाचे देऊळ, मागे गुहा, गुहेतून येणारे गार पाणी कुंडात पडते. हीच नदी खाली आजरा, गडहिंग्लजचा ऊस भिजवते आणि पुढे घटप्रभेला मिळते. आपली ताम्रपर्णीही शेवटी घटप्रभेलाच मिळते. म्हणजे आपण सगळे एकाच पाटाच्या पाण्याचे भावकीवाले.

या कुंडात २०२० साली शास्त्रज्ञांनी माशाची एक नवी जात नोंदवली. तिला नदीचेच नाव दिले, शिस्टुरा हिरण्यकेशी. लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. त्या बोटाएवढ्या माशापायी २०२१ साली शासनाने इथली २.११ हेक्टर, म्हणजे सव्वापाच एकर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सव्वापाच एकर! आमच्या कितीतरी सभासदांची सगळी जमीन एवढी नाही. मुले कुंडाच्या कडेला पालथी पडून बघत बसली. मासा काही दिसला नाही. एकीच्या पायाला जळू मात्र लागली. तिने आरडाओरडा केला, गुरुजींनी चिमूटभर मीठ टाकले, जळू सुटली आणि मग ती बघायला सगळी शाळा गोळा झाली.

पुढे एका पाणथळ जागेवर वाकलेल्या फांदीला पांढरा फेसाचा गोळा लटकत होता. मुलांना वाटले कुणी साबण टाकला. तो उडणाऱ्या बेडकाचा खोपा. हा हिरवागार बेडूक बोटांमधले पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, आणि अंडी अशा फेसात, बरोबर पाण्याच्या वर घालतो. पिल्ले सुटली की टपटप खाली पाण्यात. हे आम्ही सांगत असताना तिसरीतल्या एका पोराने विचारले, "काका, आमच्या वड्याला आता बेडकं का वरडत नाहीत? आज्जा म्हणतोय, पयली झोपू देत न्हवती."

आम्ही काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर आम्हाला ठाऊक होते. त्या ओढ्याच्या दोन्ही अंगाला आमच्याच शिफारशीने तणनाशक फवारले जाते, आणि तोडणी झाली की तिथले पाचट पेटते. वीस वर्षे आम्ही "पाचट जाळू नका" म्हणून सभा घेतल्या, पण पेटवणाऱ्याला बांधावर जाऊन अडवले, असे झाले नाही. बेडूक रात्रभर किडे टिपतो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगे बाहेर पडतात, तेही तो सोडत नाही. हुमणीच्या औषधाला आपण पैसे मोजतो, हा गडी फुकट राबतो.

परतीच्या वाटेवर गव्यांचा विषय निघालाच. "गव्याला गोळी घालाया पायजे, आमचा ऊस तुडवला," एक मुलगी म्हणाली. बाई तिला दटावू लागल्या. आम्ही म्हटले, दटावू नका, तिच्या घरचे नुकसान खरे आहे. चंदगडचे सुमारे २२५ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. जंगल राहणार म्हणजे गवाही राहणार. तेव्हा नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनाम्याआधी फड साफ करू नका. उशिरापायी अर्ज अडतात.

आता कामाचे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. खोडवा ठेवताना बुडखे छाटा, पाचट सरीत पसरा आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. पहिल्या पाण्याला त्रास होतो, पाणी सरीतून लवकर पुढे सरकत नाही. हे आम्ही लपवत नाही. पुढे मात्र ओल टिकते आणि तण दबते.

त्या तिसरीतल्या पोराच्या बापाचा ऊस गेल्या महिन्यात तुटला. पोराने घरी काय सांगितले कोण जाणे, बाप स्वतः गट ऑफिसात जिवाणू न्यायला आला. त्याने पाचट ठेवले. चार दिवसांनी शेजारच्या फडाला कुणी काडी लावली, आग बांध ओलांडून आली आणि निम्मे पाचट गेले. उरलेल्या निम्म्यात त्याने परवा पहिले पाणी सोडले. आम्ही बांधावर होतो, पोरगेही शाळा बुडवून आले होते.