युद्धाचा वाटा किती, आपला किती?

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून एक समजूत घट्ट बसली आहे: महागाई युद्धामुळे आली, त्याला इथे कोण काय करणार? ही समजूत अर्धीच खरी आहे. धक्का बाहेरून आला, पण तो घरखर्चात कधी आणि किती उतरला, हे बऱ्याच अंशी इथल्या निर्णयांनी ठरवलं. पेट्रोलचंच बघा. मार्चच्या सुरुवातीला ब्रेंट कच्चं तेल पिंपाला 139 डॉलरपर्यंत उसळलं, तरी मुंबईत लिटरचा दर नोव्हेंबरपासून होता तोच, 109 रुपये 98 पैसे राहिला. पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्या आणि 22 मार्चपासून तो चढत चढत 6 एप्रिलला 120 रुपये 51 पैशांवर गेला. मग मे महिन्यात केंद्राने अबकारी कर 8 रुपयांनी आणि जुलैत राज्याने व्हॅट 5 रुपयांनी कमी केला, तेव्हा तोच दर 106 रुपये 31 पैशांवर आला. युद्ध चालूच होतं, तरी पेट्रोल युद्धाआधीपेक्षा स्वस्त झालं.

दुसरा समज याच्या उलटा: रशियाचं सवलतीतलं तेल आलं, म्हणजे ग्राहकाचा फायदा झाला. डिसेंबर 2022 मध्ये ब्रेंट 80 डॉलरच्या खाली आलं, पण मुंबईतला दर जागचा हलला नाही. 2 रुपयांची कपात झाली ती थेट मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर. यावर कोणी म्हणेल की, 2022 मध्ये दर रोखून धरताना तेल कंपन्यांनी तोटा सोसला, तो भरून काढायचा होता. हे म्हणणं रास्त आहे. मात्र 2023-24 मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून नफा 80 हजार कोटींवर गेला. तोटा भरून निघाल्यावरही ग्राहकाला थांबायला लावणं मला पटत नाही.

‘आमच्याकडे सूर्यफूल तेल येतच नाही, आम्हाला काय?’ हेही खरं नाही. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो आणि 2022 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सूर्यफूल तेल मुख्यतः युक्रेन-रशियाकडून येत होतं. ते अडलं की मागणी सोयाबीन आणि पामतेलाकडे वळते, आणि पामतेल तर बिस्किटांपासून फरसाणापर्यंत सगळीकडे असतं. त्यात 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती सुमारे साडेतीन आठवडे. हा निर्णय त्यांच्या देशातल्या भाववाढीमुळे घेतलेला होता. त्याचं सगळं खापर रणांगणावर फोडता येत नाही. गव्हाचंही तसंच. आपण युक्रेनच्या गव्हावर अवलंबून नव्हतो, पण जगात टंचाई झाल्यावर आपला गहू बाहेर जाऊ लागला, त्याच वर्षी मार्चच्या उन्हाने उत्तरेतलं पीक भाजलं, आणि 13 मे रोजी सरकारला निर्यातबंदी करावी लागली.

पुढच्या वेळी ‘युद्धामुळे’ हे उत्तर मिळालं, तर आपल्या लोकप्रतिनिधीला दोन प्रश्न जरूर विचारा: या दरात कर किती आहे, आणि बाहेरचा भाव उतरल्यावर इथला कधी उतरणार?