कुंचला हाती घेतलेला गट्टू

आपल्या मालाची ओळख ग्राहकाच्या मनात रुजावी म्हणून एखादी कंपनी जे काल्पनिक पात्र वर्षानुवर्षे जाहिरातींतून वापरते, त्याला शुभंकर म्हणतात. बोधचिन्ह ही नुसती खूण असते, तर शुभंकराला चेहरा असतो, स्वभाव असतो आणि बहुधा नावही असते. मिशेलिन या फ्रेंच कंपनीचा टायरांच्या चळतीतून घडलेला माणूस १८९८ मध्ये अवतरला आणि एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये. परंतु महाराजाचा प्रवासी मोजका व सुखवस्तू होता. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत पोचलेला, सामान्य माणसाचा म्हणता येईल असा शुभंकर म्हणजे एशियन पेंट्सचा गट्टू.

ही कंपनी १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केली. महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात आटली होती, तरी मोठ्या शहरांतील मोठे व्यापारी जुन्या, बहुतांशी विलायती कंपन्यांच्या हाती होते. त्यामुळे या नव्या कंपनीने लहान गावांची वाट धरली आणि तेथे खपतील असे लहान डबे बाजारात आणले. तिचे यश समजून घ्यायचे तर या लहान डब्याचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. भिंती चुन्याने किंवा मातीने सारवल्या जात असलेल्या घरात तेलरंग लागतो तो दाराच्या चौकटीला, खिडकीच्या गजांना, पेटीला. म्हणजे थोडासाच, आणि तोही सणासुदीला.

अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडात हा सण म्हणजे पोळा. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले जातात आणि पोळ्याला त्यांना न्हाऊ घालून सजवतात. शिंगे साळून, म्हणजे वरचा खरबरीत थर तासून, गुळगुळीत करतात, त्यांवर हिंगुळाचा किंवा तेलरंगाचा तांबडा, हिरवा, पिवळा पट्टा ओढतात, बेगड चिकटवतात आणि टोकांना पितळी शेंब्या बसवतात. बैलजोडीची चार शिंगे रंगवायला रंग तो किती लागणार? बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाके रंगवायची असली तरी एखादा छोटा डबा पुरतो. (रासायनिक रंग शिंगांना लावू नयेत, असे पशुवैद्यक आता सांगतात, आणि ते ऐकायलाच हवे.) तेलरंगाचे मूळही वऱ्हाडी माणसाला परके नाही: पारंपरिक तेलरंगात रंगद्रव्याची पूड जवसाच्या तेलात कालवलेली असते, आणि हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू घेऊन कडक पापुद्र्यासारखे घट्ट होते. ज्या जवसाची चटणी भाकरीसोबत खाल्ली जाते, त्याच जवसाने दार पावसापासून वाचते.

अशा ग्राहकासाठी १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी एक पोरगा चितारला. कपाळावरून डोळ्यांवर येणारी केसांची झुलपे, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ओला कुंचला आणि ओठांवर खोडी काढून झाल्याचे हसू, एवढीच त्याची सामग्री होती. 'कॉमन मॅन' ज्यांच्या हातून उतरला, त्या लक्ष्मणांची रेषा येथेही सामान्यांकडेच वळली. नाव सुचवण्यासाठी पाचशे रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा ठेवण्यात आली, तिला सत्तेचाळीस हजारांहून अधिक प्रतिसाद आले, आणि मुंबईच्या दोघांनी वेगवेगळे सुचवलेले 'गट्टू' हे एकच नाव निवडून बक्षीस त्यांच्यात वाटून देण्यात आले. दोघांना स्वतंत्रपणे तेच नाव सुचावे, यातच त्या चित्राचा नेमकेपणा दिसतो. घरातल्या धाकट्याला लाडाने हाक मारावी तसेच ते नाव आहे.

गट्टूच्या आकर्षणाचे पहिले कारण अक्षरांशी जोडलेले आहे. त्या काळी बहुसंख्य ग्राहकांना डब्यावरचा मजकूर वाचता येत नव्हता, चित्र मात्र बोट दाखवून मागता येत होते. पण केवळ ओळख पटली म्हणून कोणी जीव लावत नाही. गट्टू रंगाची थोरवी सांगत बसत नाही, तो रंगवायला निघालेला असतो. घराचा मालक वा व्यापारी न दिसता काम करणारा हात दिसतो, आणि रंगकामाची धाकधूक, म्हणजे सांडलवंड, डाग, विस्कटलेले घर, त्याच्या खोडकरपणात हलकी होऊन जाते. विकत घेणारा आणि रंगवणारा, दोघांनाही तो आपला वाटावा, ही किमया दुसऱ्या कोणत्याही भारतीय शुभंकराला इतक्या सहजतेने साधलेली नाही.

१९६७ मध्ये कंपनी देशातील रंगव्यवसायात अग्रस्थानी पोचली, आणि तेव्हा तिच्या जाहिरातींचा चेहरा गट्टू हाच होता. या शतकाच्या आरंभी मात्र त्याला निरोप देण्यात आला. घर रंगवणे ही डागडुजी न राहता घराच्या मालकाची आवड-निवड दाखवण्याची गोष्ट झाली होती, त्यामुळे जाहिरातीही रंगाच्या डब्याकडून सजलेल्या दिवाणखान्याकडे, त्यात राहणाऱ्या कुटुंबाकडे वळल्या. व्यापाराच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्या देखण्या खोल्यांमध्ये कुंचला धरलेला हात पूर्वीसारखा मध्यभागी उरला नाही, आणि पोळ्याच्या सकाळी दावणीजवळ उकिडवे बसून शिंगावर काळजीपूर्वक तांबडा पट्टा ओढणाऱ्या मुलाशी नाते सांगू शकेल असे दुसरे पात्र रंगांच्या जाहिरातींना पुन्हा लाभलेले नाही.